बियर म्हणजे दारू नव्हे काय?



गेल्या लग्नसराईतली गोष्ट. एक जुने सभासद ऊसबिलाच्या चौकशीसाठी गट ऑफिसात आले होते. बोलता बोलता बारावीतल्या मुलाचा विषय निघाला. चुलतभावाच्या वरातीहून परतताना पोरगं मोटारसायकलवरून पडलं, कपाळाला सहा टाके पडले. "प्याला होता का?" असे आम्ही विचारले, तर म्हणाले, "छे हो, दारूला तो शिवत नाही. पोरांबरोबर बियरची एक स्ट्राँग बाटली घेतली होती, एवढंच."

हे 'एवढंच' आमच्या मनातून जाईना. म्हणून या अंकात त्याचाच हिशोब मांडावयाचा आहे.

मद्यार्क एकच

आपण ऊस पिकविणारी माणसे. दारू कशी बनते हे आपल्याला नवे नाही. एक टन ऊस गाळला की साधारण ४० ते ४५ किलो मळी निघते. मळीत पाणी घालून यीस्ट सोडले की ते साखर खाते आणि मद्यार्क तयार होतो. गंमत अशी की, मद्यार्क वाढत गेला की ते यीस्टच मरू लागते. ज्याने तो बनवला त्यालाच तो सोसत नाही!

बियर जवापासून होते, पण तिच्यातला मद्यार्क तोच. व्हिस्कीत तो सुमारे ४३ टक्के असतो. म्हणजे ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगात साधारण २६ मिलिलिटर. साध्या बियरमध्ये ५ टक्के, पण बाटली ६५० मिलिलिटरची. म्हणजे ३२ मिलिलिटर. आणि ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बियरच्या बाटलीत ५२ मिलिलिटर. आता सांगा, त्या पोराने 'एवढंच' घेतले की व्हिस्कीचे दोन मोठे पेग घेतले?

यकृताची गाळपक्षमता

कारखान्याची गाळपक्षमता ठरलेली असते. अड्ड्यावर गाड्या कितीही उभ्या राहिल्या तरी गव्हाणीत जायचा तेवढाच ऊस जातो. यकृताचेही तसेच आहे. मोठ्या माणसाचे यकृत तासाला जेमतेम १० मिलिलिटर मद्यार्काचा निचरा करते. म्हणजे त्या एका बाटलीला पाच तास हवेत. तोवर उरलेला मद्यार्क रक्तातून मेंदूत फिरत राहतो. लिंबूपाणी, कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, कशानेही हा वेग वाढत नाही. पोराला वाटते आपण शुद्धीवर आहोत, पण समोरून ट्रॅक्टर आला की ब्रेकवर पाय उशिरा पडतो.

हे झाले एका दिवसाचे. रोजच्या पिण्याने यकृतावर चरबी चढते, मग सूज येते आणि शेवटी ते आक्रसून निबर होते. पोटात पाणी होते, रक्ताच्या उलट्या होतात. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत व आतडे यांच्या कर्करोगाशी दारूचा संबंध सिद्ध झालेला आहे. जोडीला तंबाखू असेल तर तोंडाचा व घशाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. थोडी घेतली तर औषध, असे अजूनही म्हटले जाते. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले की, दारूचे निर्धोक असे प्रमाणच नाही.

कोवळ्या वयात जास्त घात

माणसाचा मेंदू वयाच्या पंचविशीपर्यंत घडत असतो. स्वतःला आवरण्याचा भाग सर्वांत शेवटी पक्का होतो. फुटव्याच्या वेळी उसाला बसलेला फटका पुढे कितीही खत घातले तरी भरून निघत नाही, तसेच हे. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाले. पंधराव्या वर्षाआधी पिऊ लागलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक पुढे कधी ना कधी दारूच्या आहारी गेले. विशीनंतर सुरुवात करणाऱ्यांत हेच प्रमाण सुमारे १० टक्के होते. म्हणजे पहिला घोट जितका लांबवता येईल तितका लांबवणे, यातच मोठी राखण आहे. आपल्या राज्यात बियरला २१ आणि देशी-विदेशी दारूला २५ वर्षांची अट आहे, ती उगीच नव्हे.

पोरांनी काय करावे?

पहिला ग्लास परका माणूस देत नाही. मित्र नाहीतर भाऊबंदच देतो. वरात, जत्रा, मिरवणूक, निवडणुकीतले जेवण, ही त्याची ठिकाणे. तिथे जाण्याआधीच मनाशी ठरवावे. कारणे सांगत बसू नये. कारण सांगितले की समोरचा ते खोडून काढतो. "मी घेत नाही," एवढेच हसून सांगावे आणि हातात सरबताचा ग्लास धरावा. न पिणारा एक सोबती बरोबर असला की निम्मे काम होते. आणि प्यालेल्याच्या गाडीवर मागे बसू नये, मग तो सख्खा भाऊ का असेना.

थोरांनी काय करावे?

बिल जमा झाले की पोराच्या हाती पैसे देऊन बाटली आणि चकणा मागवणारे बाप आपल्यातच आहेत. आधी ते थांबले पाहिजे. पोराला एक शब्द द्यावा: "रात्री कितीही वाजता फोन कर, मी न्यायला येईन, त्या रात्री एक शब्द बोलणार नाही." बोलणे दुसऱ्या दिवशी. त्या पोराला हा भरवसा असता, तर टाके पडलेच नसते.

ज्यांना रोजची सवय जडली आहे त्यांनी मात्र एकदम स्वतःच्या मनाने बंद करू नये. हातापायांना कंप सुटतो, झटकेही येतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडावी. पुण्यात १९८६ साली सुरू झालेले मुक्तांगण आहे, सरकारची १४४४६ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे. लाज धरू नये.

शेवटी एक कबुली. मळीचा पैसा तुमच्या आमच्या ऊसदरात मिसळतो, हे आम्ही नाकारत नाही. पण आज तोच मद्यार्क इथेनॉल होऊन पेट्रोलमध्येही जातो. तो गाडीच्या टाकीत शोभतो, आपल्या पोरांच्या पोटात नाही. हे घरोघरी वाचून दाखवावे, एवढीच विनंती.