दिवसभर उभं राहूनही व्यायाम होत नाही! नर्सिंग करणाऱ्यांना ताकदीचा व्यायाम का लागतो?

औशाहून लातूर जेमतेम २० किलोमीटर. सकाळची एसटी पकडून पोस्टिंगला जायचं, वॉर्डात सहा-आठ तास उभं राहायचं, परत आल्यावर जर्नल पूर्ण करायचं. अशा वेळापत्रकात नर्सिंगच्या विद्यार्थिनीला कुणी व्यायामाबद्दल विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं: "दिवसभर पायाला भिंगरी असते, अजून कसला व्यायाम?"

ग्रामीण रुग्णालयातल्या अनुभवी सिस्टरही हेच म्हणतात. वरवर पाहता त्यात चूक काही दिसत नाही. पण शरीराचा हिशोब वेगळा आहे, आणि तो चुकता करायची वेळ येते ती नोकरीच्या दहाव्या-पंधराव्या वर्षी, कंबर धरायला लागल्यावर.

कामाची धावपळ आणि व्यायाम यांत फरक काय?

स्नायू बळकट होण्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, नेहमीपेक्षा थोडा जास्त भार. दोन, त्यानंतर पुरेशी विश्रांती. भार पडला की स्नायूंच्या तंतूंवर ताण येतो, विश्रांतीत त्यांची दुरुस्ती होते आणि पुढच्या वेळेसाठी ते थोडे अधिक तयार होतात.

वॉर्डातल्या कामात या दोन्ही गोष्टी नसतात. चालणं तासन् तास, पण हलकं. मध्येच एखाद्या पेशंटला कॉटवरून स्ट्रेचरवर घ्यायचं असतं, तेव्हा येणारा भार मात्र ताकदीच्या बाहेरचा. विश्रांतीची वेळही आपल्या हातात नसते. डेन्मार्कमधील आंद्रेआस होल्टरमन आणि इतर संशोधकांनी गेल्या काही वर्षांत यावर बरंच काम केलं आहे. मोकळ्या वेळेतली शारीरिक हालचाल आरोग्याला हितकारक ठरते, पण कामाच्या ठिकाणच्या कष्टांबाबत तसं दिसत नाही, उलट काही अभ्यासांत ते अपायकारक दिसतात, अशी ही विसंगती आहे. तिच्या कारणांवर अजून वाद आहेत. मात्र दमणं आणि तंदुरुस्त होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शेतात राबणाऱ्या कुणालाही पटेल.

पोतं आणि पेशंट

मार्केट यार्डातला हमाल पेशंटपेक्षा जड पोतं उचलतो. मग सिस्टरच्या कमरेलाच इतका त्रास का?

पोतं अंगाला चिकटवून घेता येतं, पाठीवर टाकता येतं आणि ते हलत नाही. पेशंट हलतो, घाबरतो, मानेला मिठी मारतो, मध्येच अंग सोडून देतो. शिवाय तो कॉटच्या मधोमध असतो, म्हणजे हात लांब करून, पुढे वाकून त्याला सरकवावं लागतं.

इथे साधा तरफेचा नियम लागू होतो. कमरेच्या मणक्याला मागून सावरणारे स्नायू मणक्यापासून पाच-सहा सेंटिमीटरवर असतात. वजन पन्नास सेंटिमीटर पुढे धरलं, तर ते पेलायला स्नायूंना त्याच्या आठ-दहा पट जोर लावावा लागतो. म्हणजे पाण्याने भरलेली दहा लिटरची बादली हात लांब करून धरली, तर कमरेला क्विंटलभर ओझ्याचा ताण सोसावा लागतो. आपल्याच वाकलेल्या धडाचं वजन त्यात धरलेलं नाही.

अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या थॉमस वॉटर्स यांनी २००७ मध्ये पेशंट हाताळण्यासाठी एक मर्यादा सुचवली. परिस्थिती सोयीची असली, तरी एका व्यक्तीने साधारण १६ किलोपेक्षा जास्त भार हातांनी उचलू नये. प्रौढ माणसाचा एक पायच आठ-दहा किलोंचा असतो, म्हणजे दोन पाय एकदम उचलले की मर्यादा संपली!

उचलायचं कसं ते शिकवतात, तरी कंबर का दुखते?

नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी 'बॉडी मेकॅनिक्स' शिकवतात. गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा, वजन जवळ घ्या. सल्ला योग्यच आहे. पण वजन उचलण्याच्या प्रशिक्षणावरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन आढाव्यात असं आढळलं, की केवळ असं प्रशिक्षण दिल्याने कंबरदुखी टळत नाही. कारण समजायला अवघड नाही. गुडघे वाकवून उठायचं तर मांड्यांत तेवढी ताकद हवी. ती नसली, की घाईच्या वेळी शरीर आपोआप कमरेतून वाकतं. पद्धत वहीत राहते.

व्यायामाचं चित्र मात्र वेगळं आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात ३० हजारांहून अधिक लोकांवरच्या चाचण्या एकत्र केल्या गेल्या. नियमित व्यायामाने कंबरदुखीचा धोका साधारण ३५ टक्क्यांनी, तर व्यायामाला योग्य माहितीची जोड दिल्यास सुमारे ४५ टक्क्यांनी कमी झाला. कमरेचे पट्टे आणि बुटातले इनसोल यांचा तसा उपयोग दिसला नाही. औषधाच्या दुकानातून पट्टा घेऊन ड्युटीला येणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. एक गोम आहे: केवळ व्यायामाचा फायदा वर्षभरानंतर टिकलेला दिसला नाही. बहुधा तोवर व्यायामच सुटलेला असावा.

तो सुटू नये यासाठी डेन्मार्कमधलाच २०१५ चा एक प्रयोग उपयोगी आहे. तीन रुग्णालयांतल्या २०० महिला कर्मचाऱ्यांचे दोन गट केले. एका गटाने ड्युटीच्या वेळेत सहकाऱ्यांसोबत व्यायाम केला, दुसऱ्याने घरी एकटीने. दोघांनाही आठवड्यातून पाच वेळा, दहा-दहा मिनिटं, असे दहा आठवडे दिले होते. सोबतीने करणाऱ्यांच्या वेदना जास्त कमी झाल्या आणि ताकदही जास्त वाढली. हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलींकडे ही सोय आयतीच असते.

जिमशिवाय काय करता येईल?

ताकदीचा व्यायाम म्हणजे मशीन आणि आरसे, ही समजूत अलीकडची. लातूर जिल्ह्याने हरिश्चंद्र बिराजदार यांच्यासारखा १९६९ चा महाराष्ट्र केसरी दिला. त्या काळची तालीम जोर, बैठका आणि मुद्गलांवर उभी होती. अडचण एवढीच, की तालमीचं दार मुलींसाठी बहुतेक बंदच असायचं. व्यायाम मात्र तेच आहेत, आणि दोन कॉटमधल्या जागेतही होतात.

सुरुवात बैठकांपासून करावी. खुर्चीवर बसायचं आणि हात न टेकता उठायचं. ते सोपं वाटू लागलं की दप्तर छातीशी धरून करायचं. पेशंटला बसतं करताना हीच ताकद वापरली जाते.

दुसरा प्रकार सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त चुकणारा. त्यात पाठ न वाकवता नितंब मागे नेत झुकायचं. भिंतीपासून वीतभर पुढे, तिच्याकडे पाठ करून उभं राहावं, गुडघे किंचित सैल सोडावेत आणि नितंबांनी भिंतीला स्पर्श करून परत सरळ व्हावं. ताण कमरेत न जाणवता मांड्यांच्या मागे जाणवला, तर जमलं. मग हातात पाच लिटरचा पाण्याचा कॅन घ्यावा, काही आठवड्यांनी अर्धी बादली. कॉटवर वाकताना हीच हालचाल कामी येते.

जोर आधी भिंतीला टेकून, मग पलंगाच्या कडेवर, शेवटी जमिनीवर. खांदे आणि पाठीच्या वरच्या भागासाठी पुस्तकांनी भरलेली बॅग झुकून पोटाकडे ओढावी. आणि शेवटी दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन ताठ चालणं. टंचाईत घागरी वाहिलेल्या या भागात ते कुणाला शिकवावं लागणार नाही.

प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा, असे दोन-तीन फेरे. आणखी दोन वेळा जमेल असं वाटत असतानाच थांबावं. बारा सहज होऊ लागले की वजन थोडं वाढवावं. हे वाढवणं राहून गेलं तर सहा महिने तेच केल्याने फार काही होत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस असा व्यायाम सुचवते. ताण पायात उतरत असेल, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, तर आधी डॉक्टर, मग व्यायाम. लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

आणि हेही स्पष्ट असायला हवं, की सिस्टरच्या मांड्या मजबूत झाल्या म्हणून एकटीने पेशंट उचलणं योग्य ठरत नाही. दुसरा माणूस, सरकवायची चादर, उंची बदलणारी कॉट यांची जबाबदारी व्यवस्थेचीच आहे. कमी मनुष्यबळाचं उत्तर म्हणून कर्मचाऱ्यांना फिटनेसचे सल्ले देणं हा अन्यायच.

नाईट आणि ताट

नाईट संपवून थेट व्यायाम करू नये. झोप नसताना ताकद कमी भरते आणि पद्धत बिघडते. आधी झोपावं, दुपारी उठून थोडं खाल्ल्यावर संध्याकाळी वीस मिनिटं काढावीत. सलग नाईट असतील त्या आठवड्यात एकच दिवस झाला तरी चालतो. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पहाटेची वेळ बरी.

महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना ॲनिमिया असल्याचं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. जिना चढताना धाप लागत असेल, तर ते आळसाचं लक्षण मानण्याआधी हिमोग्लोबिन तपासावं. ज्यांच्या हातात दिवसभर इतरांच्या रक्ताच्या नळ्या असतात, त्या स्वतःची तपासणी पुढे ढकलतात. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात, आणि गोळी व चहा यांत तासा-दीड तासाचं अंतर ठेवावं.

प्रथिनांची शिफारस दररोज प्रत्येक किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम आहे. पन्नास किलोच्या मुलीला सुमारे ४२ ग्रॅम. ताकदीचा व्यायाम करत असल्यास ६० ग्रॅमच्या आसपास जावं. महागड्या पावडरीची गरज नाही, कारण लातूर तूर आणि सोयाबीनचीच बाजारपेठ आहे. पन्नास ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं मिळतात, एका अंड्यात सहा, मूठभर शेंगदाण्यांत सात. मेसच्या पातळ वरणावर भिस्त ठेवण्यापेक्षा ॲप्रनच्या खिशात फुटाण्यांची पुडी असलेली बरी.