एआय एजंटच्या हाती राउटर : टूलच्या दस्तऐवजामागची माहिती

एजंट : दिलेल्या कामाच्या पायऱ्या पाडून, बाहेरची टूल्स वापरून ते पार पाडणारी एआय प्रणाली. टूल कसे वापरायचे, हे तिला मुख्यतः त्याच्या लेखी वर्णनातूनच कळते.

मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल : एआय प्रणालीला बाहेरच्या टूल्सशी जोडणारा प्रोटोकॉल. अँथ्रॉपिक कंपनीने तो नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केला. टूलचे नाव, वर्णन आणि त्याला द्यायच्या माहितीचा साचा यात नोंदवतात. टूल फक्त वाचते की विध्वंसक बदलही करू शकते, हेही सांगता येते. ही मात्र केवळ सूचना. परवानग्यांचे बंधन वेगळे घालावे लागते.

त्याआधीची नेटवर्क-व्यवस्थापनाची मानके : एसएनएमपी १९८८, नेटकॉन्फ २००६, यांग २०१०, रेस्टकॉन्फ २०१७.

राउटरच्या प्रणालींत बदल लागू होणे आणि जतन होणे यांतला फरक (दस्तऐवजात सर्वांत स्पष्ट हवा तो हाच)
• सिस्को आयओएस : बदल लगेच लागू होतो, जतन केला नाही, तर रीस्टार्टनंतर जातो.
• ज्युनिपर जुनॉस : बदल आधी मसुद्यात राहतो, ‘कमिट’नंतर लागू होतो. ‘कमिट कन्फर्म्ड’ दिल्यास ठरलेल्या मुदतीत, वेगळी मुदत न दिल्यास १० मिनिटांत, पुष्टी करावी लागते. ती न मिळाल्यास राउटर आपोआप जुन्या स्थितीत परततो. चुकीच्या आदेशाने स्वतःचीच जोडणी तोडणाऱ्या एजंटसाठी ही परतीची वाट.
• ओपनडब्ल्यूआरटी : ‘यूसीआय सेट’ने तात्पुरती नोंद, ‘यूसीआय कमिट’ने फाइलमध्ये लेखन. त्यानंतर संबंधित सेवा रीलोड करणे आवश्यक.

उदाहरणांतले पत्ते : १९२.०.२.०/२४ हा पट्टा दस्तऐवजांसाठीच राखीव आहे. एजंटने उदाहरण जसेच्या तसे उचलले, तरी तो पत्ता इंटरनेटवर कोणाचाही नसतो.