कोरम पूर्ण तर सर्व्हर चालू

"दोन मशीन पुरणार नाहीत का हो?" खर्चाच्या कागदावर सही करणाऱ्या प्रत्येकाने मला हे विचारलंय. उत्तर 'नाही' असंच आहे, आणि हायपर-कन्व्हर्ज्ड मांडणीचं निम्मं मर्म त्या 'नाही'त आहे.

पूर्वी व्हर्च्युअल मशीन चालवणारे सर्व्हर वेगळे असत आणि डिस्कांनी भरलेली महागडी स्टोरेज वेगळी. हायपर-कन्व्हर्ज्ड मांडणीत प्रत्येक सर्व्हर दोन्ही कामं करतो आणि सगळ्यांच्या डिस्का मिळून एकच साठा होतो. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रॉडकॉमने व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर विकत घेतली, पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबली, आणि अनेकांची नजर प्रॉक्समॉक्सकडे वळली. व्हिएन्नाच्या कंपनीचं हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर 2008 पासून आहे. पाया डेबियनचा, व्हर्च्युअल मशीनसाठी केव्हीएम, कंटेनरसाठी एलएक्ससी आणि साठ्यासाठी सेफ. हे 'सेफ' म्हणजे सुरक्षित नव्हे बरं! सेज वाइल यांच्या पीएचडीच्या कामातून निघालेल्या या प्रणालीचं नाव सेफॅलोपॉडवरून, म्हणजे ऑक्टोपसच्या कुळावरून आलंय.

आता त्या 'नाही'कडे येऊ. क्लस्टरमधल्या, म्हणजे अशा एकत्र जोडलेल्या, प्रत्येक मशीनला एक मत असतं आणि निर्णय बहुमताने होतो. दोनच मशीन असतील आणि मधली केबल तुटली, तर दोघांनाही वाटणार की समोरचा गेला. दोघांनी एकच व्हर्च्युअल मशीन सुरू केलं तर डेटाचा चुराडा. म्हणून बहुमत नसेल तर मशीन हात बांधून बसतं. हाउसिंग सोसायटीची सभा कोरमअभावी तहकूब होते आणि अर्ध्या तासाने तेवढ्याच डोक्यांत भरते. इथे ती सोय नाही. कोरमसाठी एखादा छोटा साक्षीदार संगणक तिसरं मत देऊ शकतो, पण सेफला खरीखुरी तीन मशीन लागतात, कारण तो प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती तीन वेगळ्या मशीनवर ठेवतो.

हिशेब चुकतो तो इथेच. प्रत्येकी 2 टीबीच्या चार डिस्का असलेली तीन मशीन घेतली की बिलावर 24 टीबी दिसतात. तीन प्रती, म्हणजे हाती आले 8. एका मशीनमधली एक डिस्क गेली, की तिच्यावरचा डेटा त्याच मशीनच्या उरलेल्या तीन डिस्कांवर बसवावा लागतो, कारण बाकी दोन मशीनवर त्याच्या प्रती आधीच आहेत. म्हणजे उरले 6. त्यात 85 टक्के भरलं की सेफ इशारा देतो आणि 95 टक्क्यांना लिहिणंच थांबवतो. निर्धास्तपणे वापरायचे तर जेमतेम 5 टीबी. हे आधी सांगितलं नाही, तर नंतर सांगताना घाम फुटतो.

पैसे वाचवायचे तर नेटवर्कवर आणि डिस्कांवर वाचवू नका. सेफसाठी किमान 10 गिगाबिटचं नेटवर्क हवं, आणि मशीनच्या आपापसातल्या हजेरीसाठी स्वतंत्र लाइन. घरगुती एसएसडीत वीज गेल्यावर डेटा सांभाळणारे कपॅसिटर बहुधा नसतात, त्यामुळे सेफखाली ती रडत चालते. डिस्का एकत्र बांधणारं रेड (RAID) कार्डही मध्ये नको, सेफला डिस्का थेट दिसू द्याव्यात.

एखादं मशीन पडलं आणि आपोआप उठवण्याची सोय चालू केलेली असेल, तर त्यावरची व्हर्च्युअल मशीन साधारण दोनेक मिनिटांत दुसरीकडे उठतात. पण उठतात ती नव्याने बूट होऊन, मेमरीत होतं ते गेलं. एलएक्ससी कंटेनर तर ठरवून हलवतानाही बंद होऊन पुन्हा सुरू होतो. डॉकर वापरायचं असेल तर ते व्हर्च्युअल मशीनच्या आतच बसवावं, प्रॉक्समॉक्सचा स्वतःचाही सल्ला तोच आहे.

आणि तीन प्रती म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल तिन्ही ठिकाणाहून एकाच क्षणी पुसली जाते. बॅकअपचं चौथं मशीन वेगळ्या खोलीत ठेवा.

खरा डेटा चढवण्याआधी एका शनिवारी एका मशीनची पॉवर केबल स्वतःच्या हाताने उपसा आणि घड्याळ लावून बसा. डिस्कही एक काढून बघा. जे फसायचं ते त्या शनिवारीच फसू द्या.