डॉक्टरलाही गाव शिकावे लागते

मागच्या महिन्यात एक तरुण डॉक्टर पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या दवाखान्यात आला. नुकताच एम.बी.बी.एस. झालेला, नागपूर शहरात वाढलेला मुलगा. आपल्याच जिल्ह्यातल्या एका लहान गावी त्याला नेमणूक मिळाली होती. चहा घेता घेता त्याने विचारले, "सर, तिकडे जाताना कोणती पुस्तके बरोबर नेऊ?" मी म्हटले, "पुस्तके ने, पण एक कोरी वहीसुद्धा घे. त्या गावची माणसे आजाराला काय म्हणतात, ते पहिले वर्षभर तिच्यात लिहीत जा." त्याला वाटले, मी गंमत करतो आहे. वाचकहो, ही गंमत नव्हती. एक शब्द ठाऊक नसल्यामुळे माझ्या हातून एक तरुण जीव जाता जाता वाचला, त्याची ही हकीकत आहे.

१९९६ च्या जून महिन्यात मीही असाच बिऱ्हाड घेऊन निघालो होतो. नागपूरपासून साठेक किलोमीटरवरचे, संत्र्याच्या पट्ट्यातले हे तालुक्याचे गाव. बसस्टँडच्या मागे दोन खोल्या भाड्याने घेतल्या. पुढच्या खोलीत दवाखाना, मागच्या खोलीत संसार. पहिल्या आठवड्यात मोजून अकरा रुग्ण आले. त्यातले निम्मे तर नवा डॉक्टर दिसतो कसा, बोलतो कसा, एवढेच पाहायला आले होते. एकाने नाडी दाखवून मलाच विचारले, "सांगा बरं जी, मले काय होते?" मी प्रश्न विचारायला लागलो तर म्हणाला, "सगळं मीच सांगू, तर तुम्ही डॉक्टर कायचे?"

लहान गावच्या डॉक्टरचा दिवस घड्याळावर चालत नाही, एस.टी.वर चालतो. सकाळची बस आली की ओटा भरतो आणि दुपारची बस सुटायच्या आत सगळ्यांना मोकळे करावे लागते. बाजाराच्या दिवशी तर खेड्यापाड्यांतली माणसे तेल-मीठ घेता घेता दवाखानाही उरकून घेतात. भाजी घ्यायला गेलो तर भाजीवालीच जीभ काढून दाखवते. फीचे म्हणाल तर "आंबिया निघाला की देतो जी" हे उत्तर ठरलेले. दिवाळीच्या आगेमागे आंबिया बहाराची संत्री निघतात. त्या वेळी पैसे आणून देणारेही पुष्कळ असत आणि पैशांऐवजी संत्र्यांचे पोते टाकून जाणारेही. नागपुरात माझ्या वर्गमित्रांनी बंगले बांधले, तेव्हा सौभाग्यवतींनी एकदा तरी बोलून दाखवले नसेल, असे मी म्हणणार नाही.

आता त्या रात्रीकडे येतो. श्रावण महिना, दोन दिवसांपासून झड लागलेली. पहाटे चारच्या सुमारास दार वाजले. बैलबंडीतून एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला आणले होते. पोटात कळा येत होत्या, घसा दुखत होता, एक उलटी झाली होती. ताप नाही, जखम नाही, कुठे सूज नाही. पोट तपासले तर मऊ. सोबत आलेली म्हातारी आजी हळूच म्हणाली, "पान लागलं असन जी याले." आदल्या दिवशी घरी पाहुणे होते, पानसुपारी झाली होती. तंबाखूचे पान खाऊन गरगरले असेल, असा अर्थ मी लावला. पोटदुखीचे इंजेक्शन दिले आणि मुलाला बाकावर झोपवले. असा अर्धा तास मी घालवला.

दवाखान्यात एक वयस्क कंपाउंडर होते. मी त्यांना काका म्हणत असे. ते दिवा घेऊन आले, आजीशी दोन शब्द बोलले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पान म्हणजे जनावर. रातच्याले त्याचं नाव घेत नाहीत जी." मी दिव्याच्या उजेडात पुन्हा मुलाचा चेहरा पाहिला. डोळे उघड म्हटले तर पापण्या अर्ध्यावरच अडकत होत्या, आणि बोलणे नाकातून येत होते. मग क्षणात सगळे समजले. मुलगा जमिनीवर झोपला होता. त्याला मण्यार चावली होती.

शेजाऱ्यांची जीप काढून आम्ही त्याला आधी ग्रामीण रुग्णालयात नेले. तेथे सर्पविषावरची लस सुरू झाली. तिथून नागपूरला मेडिकलमध्ये नेताना अर्ध्या वाटेत त्याचा श्वास मंदावला. तोंडावर मास्क धरून हाताने फुगा दाबत आम्ही त्याला पोचवले. काही दिवस तो कृत्रिम श्वासावर होता, मग आपल्या पायांनी घरी परतला. मुलगा वाचला, पण ते श्रेय आजीचे आणि काकांचे आहे. माझ्याकडे अर्ध्या तासाची चूक तेवढी जमा आहे.

मण्यारीचे विष असे फसवे का? तिचे दात लहान असतात, त्यामुळे खूण बहुधा दिसत नाही. दंश फारसा दुखत नाही आणि सूजही येत नाही. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावते. विष मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातला निरोप तोडते. पोटदुखी, घसादुखी, पापण्या जड होणे, एकाच्या जागी दोन दिसणे, गिळता न येणे आणि शेवटी श्वास थांबणे, असा तिचा क्रम. म्हणून पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला आणि त्याच्या पापण्या मिटू लागल्या, तर खूण शोधत बसू नका. सर्पदंश समजूनच धावपळ करा.

अशा वेळी काय करावे, तेही सांगून ठेवतो. रुग्णाला धीर द्या, चालवू नका. अंगठ्या, बांगड्या, करदोडा काढा. हाताला किंवा पायाला काठी बांधून तो हलणार नाही असे करा. घट्ट दोरी आवळणे, ब्लेडने चिरणे, तोंडाने विष ओढणे, हे प्रकार टाळा. झाडफुकीत वेळ दवडू नका आणि साप मारून आणण्याच्या नादी लागू नका. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा किंवा मिळेल त्या वाहनाने निघा. सर्पविषावरची लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. पावसाळ्यात खाटेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. ती डासांप्रमाणे मण्यारीलाही अडवते.

गावाकडे नीट पाहिले म्हणजे काय होते, याचा मोठा दाखला डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा. जालना जिल्ह्यात जन्मलेले बावस्कर एम.बी.बी.एस. झाले ते आपल्या नागपूरच्या मेडिकल कॉलेजातून. १९७६ मध्ये ते आजच्या रायगड जिल्ह्यात, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि मुले दगावत होती. बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, उलट्या, गार पडणारे हातपाय यांची नोंद करीत राहिले. या विषाचा घाला हृदयावर पडतो आणि फुप्फुसांत पाणी भरते, हे त्यांनी ओळखले. १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकाने त्यांची निरीक्षणे छापली. पुढे रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी त्यांनी विंचुदंशावर वापरली आणि शंभरात चाळीसच्या घरातले मृत्यू एकावर आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे काम मुंबईतल्या प्रयोगशाळेत झाले नाही, एका आडगावच्या खाटेशेजारी झाले.

दुसरा दाखला आपल्या शेजारचा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली हा नवा जिल्हा निघाला. नागपूरलाच शिकलेले डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये तेथे राहायला गेले. दवाखाना कसा हवा, हे त्यांनी आधी आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतीची धास्ती वाटते, नातेवाइकांना सोबत राहता यावे, असे लोकांनी सांगितले. म्हणून शोधग्रामचा दवाखाना झोपड्यांच्या पाड्यासारखा उभा राहिला आणि त्याला माँ दंतेश्वरी या देवीचे नाव मिळाले. गावच्याच बायकांना शिकवून त्यांनी नवजात बाळांची घरोघरी काळजी घेतली. ३९ गावांतल्या या प्रयोगात नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, हे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले.

आम्हा साध्या डॉक्टरांकडून एवढे मोठे काम होत नाही. पण ऐकून घेणे आणि लिहून ठेवणे, एवढे तर प्रत्येकाला जमते. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आजही 'पान लागणे' हेच लिहिलेले आहे.

आता दोन शब्द गावकऱ्यांसाठी. तुमच्या गावात नवा डॉक्टर आला, तर त्याची परीक्षा जरूर घ्या, पण परीक्षेचा विषय सलाईन नसावा. "लय कमजोरी आली जी, एक बाटली लावून द्या" हे वाक्य मी हजारो वेळा ऐकले आहे. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. तेवढी तर सरबतातूनही मिळते. जो डॉक्टर "तुम्हाला बाटलीची गरज नाही" असे सांगतो, तो आपला धंदा बुडवून तुमचे पैसे वाचवत असतो. त्याला नापास करू नका. नाही तर तोही उद्या बाटल्या लावायला लागेल, किंवा पाटी उतरवून नागपूरला परत जाईल. नुकसान दोन्हीकडून गावाचेच.

आणि एक विनंती. त्याला तुमच्या बोलीतले शब्द समजले नाहीत, तर हसू नका, उलगडून सांगा. रात्रीच्या वेळी साप हे नाव घ्यायला जीभ वळत नसेल, तरी डॉक्टरसमोर ते स्पष्ट घ्या. त्या नावाने कोणाचे वाईट होत नाही. न घेतल्याने मात्र होऊ शकते.