आउटपुट महत्त्वाचं की कोड?

मंडळी, मी कोड लिहिणारा माणूस. आउटपुट बरोबर आलं की झालं, आत लूप असो की रिकर्शन. पेटंटमध्ये मात्र भांडण नेमकं इथेच लागतं.

फेरिक कार्बोक्सिमाल्टोज हे लोहाच्या कमतरतेवरचं इंजेक्शन घ्या. त्याची नेमकी रचना कागदावर मांडणं अवघड. म्हणून व्हिफोर कंपनीने दाव्यात कृतीच लिहिली: माल्टोडेक्स्ट्रिनचं हायपोक्लोराइटने ऑक्सिडेशन करून, त्यात लोहाचा क्षार मिसळून जो पदार्थ मिळू शकतो, तो आमचा. भारतीय कंपन्या म्हणाल्या, आमची कृती वेगळी, मग उल्लंघन कसलं? जुलै 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांना ते पटलं. फेब्रुवारी 2024 मध्ये खंडपीठाने निकाल फिरवला: पदार्थच नवा असेल, तर कृती ही फक्त त्याची ओळख.

अमेरिकेत 2009 च्या अ‍ॅबट-सँडोझ निकालानुसार तीच कृती वापरली तरच उल्लंघन. पण पेटंट देताना तिथेही बघतात पदार्थच! घेताना एक माप, भांडताना दुसरं. मला तरी हे खटकतं.

आणि हो, खंडपीठाचा निकाल येईपर्यंत व्हिफोरच्या त्या पेटंटची मुदत संपूनही गेली होती, ऑक्टोबर 2023 मध्येच.