चौक लिहिणाऱ्यांची नावं

1954 चा उन्हाळा. पुण्याच्या हिराबागेत लता मंगेशकर गायल्या. कार्यक्रमाचा पैसा दादरा-नगर हवेली पोर्तुगिजांकडून सोडवण्यासाठी होता. पुढाकार सुधीर फडक्यांचा होता आणि लताबाईंनी मानधन घेतलं नाही. 2 ऑगस्टला दादरा-नगर हवेलीतलं सिल्वासा मुक्त झालं, तेव्हा तिथे धडकलेल्या तरुणांत फडके स्वतः होते. त्यानंतर आठ महिन्यांनी, 1 एप्रिल 1955 रोजी, याच माणसाने चाली बांधलेलं ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं.

मराठी घरांत ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते आणि ती सांगायलाच हवी. पण त्या गोष्टीत वारली कुठे आहेत?

2011 च्या जनगणनेत दादरा-नगर हवेलीची निम्म्याहून अधिक लोकसंख्या आदिवासी होती. कोकणा, धोडिया, काथोडी असे समाज तिथे आहेत. सर्वांत मोठा वारल्यांचा. सरहद्दीपलीकडचे तलासरी-डहाणूचे वारली त्यांचेच सोयरे. दमणगंगेच्या खोऱ्यात सरहद्द आखली ती राज्यकर्त्यांनी. तारपा या वाद्याभोवतीचा नाच मात्र दोन्हीकडे एकच. वारल्यांनी आपलं जगणं पुस्तकात नाही, कुडाच्या भिंतीवर नोंदवून ठेवलं.

लग्नघरात सवाशिणी शेणा-गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, काढतात. मधोमध पालघट देवी. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. आणि वारली बोलताना चौक ‘काढला’ असं म्हणत नाहीत. चौक ‘लिहिला’ म्हणतात. ज्यांना जगाने निरक्षर ठरवलं, त्या बायका पिढ्यान् पिढ्या लिहीत होत्या. त्यांची नावं मात्र कुठेच लिहिली गेली नाहीत.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार डहाणूच्या पाड्यांवर आले आणि ही चित्रं कागदावर उतरू लागली. बायकांच्या या कामात जिव्या सोमा मशे हा पुरुष आला आणि लग्नाचा चौक सोडून रोजचं जगणं रंगवू लागला: भाताची लावणी, मासेमारी, मुंग्यांची वारुळं. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. वारली चित्रामागचा माणूस नावाने ओळखला जाऊ लागला तो त्यांच्यापासून.

पुढचं पाऊल डहाणू तालुक्यातल्या गंजाडमध्ये पडलं. 2013 च्या सुमारास गौरी गिल या छायाचित्रकार तिथे वारली चित्रकार राजेश वनगडांसोबत हिंडल्या. वनगड जागा दाखवत, तिथल्या गोष्टी सांगत. गिल फोटो काढत. छापलेले फोटो पाहिल्यावर गिलना जाणवलं, की वनगडांनी सांगितलेलं यात आलेलंच नाही. मग त्याच फोटोंवर वनगडांनी रेखाटायला घेतलं. कॅमेऱ्याला मोकळं माळरान दिसलं होतं. रेषांनी तिथे देव, माणसं, झाडं दाटीने उभी केली. ‘फील्ड्स ऑफ साइट’ या मालिकेवर दोघांचंही नाव आहे. आदिवासींविषयी बोलणं आणि आदिवासींनी बोलणं यातला फरक इतका स्पष्ट दाखवणारं दुसरं उदाहरण या भागात सापडणं कठीण.

2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याने कलेच्या नावाला संरक्षण मिळतं. भिंत रंगवणाऱ्या बाईच्या किंवा पोराच्या नावाला मिळत नाही. साड्या, कप, हॉटेलांच्या भिंती, सरकारी कुंपणं यांवर त्रिकोणी माणसं नाचताना दिसतात, खाली सही क्वचितच असते. हा अन्याय दूर करायला कुठलाही कायदा लागत नाही. चार बोटं जागा आणि ब्रशचा एक फटकारा पुरे.

सिल्वासाला गेलात तर तिथलं आदिवासी संग्रहालय जरूर पाहा. आणि परतताना एखादं वारली चित्र घेतलंत, तर खाली सही आहे का ते बघा. नसेल तर विकणाऱ्याला विचारा: हे कोणी लिहिलं, कुठल्या पाड्यावर?