जखमी खेळाडू आणि पंचाची शिट्टी

बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतील पाचवे कलम खेळाडूस होणाऱ्या इजेविषयी आहे, आणि त्याचे पहिलेच वाक्य पंचावर सक्ती न करता त्याला केवळ मुभा देते : खेळाडू जखमी झाल्यास पंच खेळ थांबवू शकतात. ही मुभा नेमकी कोणत्या क्षणी वापरावी, याचा निवाडा त्याला दहा खेळाडूंच्या धावपळीत, स्वतः धावत असतानाच, करावा लागतो.

सामान्य प्रसंगी कलमाचा हुकूम वाट पाहण्याचा आहे. ज्या संघाच्या ताब्यात चेंडू आहे त्याने तो बास्केटकडे फेकेपर्यंत, गमावेपर्यंत अथवा आपण होऊन खेळ रोखून धरेपर्यंत शिट्टी वाजवावयाची नाही. बास्केटखाली उडी घेतलेला आक्रमक प्रतिस्पर्ध्याच्या पावलावर उतरतो, त्याचा घोटा मुरगळतो, तो तेथेच बसकण मारतो, आणि एव्हाना चेंडू हस्तगत केलेला बचावसंघ रिकाम्या मैदानातून दुसऱ्या टोकाकडे झेपावलेला असतो. अशा वेळी खेळ तहकूब केला, तर न्यायाने कमावलेली संधी त्या संघाच्या हातून हिरावली जाईल, आणि संकट दिसताच जमिनीवर लोळण घेण्याची विद्या उद्या सर्वांनाच अवगत होईल. एका चढाईला 24 सेकंदांचीच मुदत असल्याने मुरगळलेल्या घोट्याला इतकी प्रतीक्षा सोसते.

परंतु त्याच कलमात पुढे अशी तजवीज आहे, की जखमी खेळाडूच्या संरक्षणासाठी आवश्यक असेल तर पंच खेळ तत्क्षणी थांबवू शकतात. आणि माझ्या मते पंचाची खरी कसोटी या वाक्यापाशीच लागते. डोक्यावर आघात झालेला, धावणाऱ्यांच्या वाटेतच निपचित पडलेला, आणि सर्वांहून भयंकर म्हणजे कोणाचाही धक्का न लागता कोसळलेला खेळाडू, यांच्या बाबतीत चेंडू कोणाकडे आहे हा प्रश्नच गौण ठरतो. 4 मार्च 1990 रोजी लॉस एंजेलिस येथे लोयोला मेरीमाउंट विद्यापीठाचा 23 वर्षांचा हँक गॅदर्स चेंडू बास्केटमध्ये दणक्यात घालून बचावासाठी माघारी वळला, आणि मध्यरेषेच्या आसपास कोणाचा स्पर्शही झाला नसताना खाली कोसळला. त्याने उठण्याची धडपड केली, पण तो त्याच दिवशी मरण पावला. आदल्या डिसेंबरातही तो फ्री थ्रोच्या रेषेवर असाच कोसळला होता, आणि हृदयाच्या अनियमित स्पंदनाचे निदान झाले होते. हृदय असे बंद पडल्यास उपचाराविना जाणारे प्रत्येक मिनिट वाचण्याची शक्यता सुमारे 7 ते 10 टक्क्यांनी घटविते.

म्हणून शंका आली की शिट्टी वाजवावी, असे मी आग्रहाने म्हणतो. ती अनावश्यक ठरली, तरी चेंडू पुन्हा त्याच संघाला थ्रो-इनसाठी मिळतो. निसटलेली संधी सोडता फारसे काही बुडत नाही.

शिट्टीनंतरचे नियम सुबोध आहेत. सुमारे 15 सेकंदांत खेळाडू सावरला नाही, किंवा त्याच्यावर उपचार झाले, तर त्याच्या जागी बदली खेळाडू आलाच पाहिजे. रक्तस्राव होत असेल तर तो थांबून जखम घट्ट झाकली जाईपर्यंत त्याला परतता येत नाही. प्रशिक्षकाला मैदानात पाऊल टाकण्यास पंचाची परवानगी लागते. डॉक्टरला मात्र, तातडीच्या उपचारांची गरज आहे असे त्याचे मत झाल्यास, कोणाचीच परवानगी लागत नाही; आणि ज्या शालेय सामन्यांत डॉक्टर हजरच नसतो, तेथे जवळचे रुग्णालय कोणते आणि वाहन कोणाचे, याची चौकशी पंचाने सामन्यापूर्वीच गुणलेखकाच्या टेबलापाशी करून ठेवावी.